छोट्या देशांत ब्रॉडबँड मागे का पडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात नेटचा विषय निघाला की बोलणं दोन टोकांना जातं. एक, ‘आमच्या गल्लीत फायबर कधी येणार?’ आणि दोन, ‘सिंगापूरला बघा, काय स्पीड आहे!’ प्रशांत महासागरातली टोंगा आणि सोलोमन बेटं, भूतान, नेपाळ यांच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. पण गल्लीतल्या प्रश्नाचं उत्तर सिंगापूरपेक्षा तिथेच लवकर सापडतं. विद्यार्थी, घरून काम करणारी मंडळी आणि केबल व्यवसायातले मित्र यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

छोटी बाजारपेठ म्हणजे नक्की किती छोटी?

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. एस्टोनिया १३-१४ लाखांचा देश आहे. भूतान आठ लाखांच्या आतबाहेर, मालदीव पाच लाखांच्या आसपास, आइसलंड जेमतेम चार लाख आणि टोंगा एक लाख. हे पाचही देश एकत्र केले तरी बारा तालुक्यांचा आपला जिल्हा भारी पडतो.

पण मुंबईच्या किनाऱ्यावर उतरलेली केबल कोल्हापूरचीही असते. त्या केबलचा खर्च देशभरातल्या कोट्यवधी गिऱ्हाइकांत वाटला जातो, आपल्या वाट्याला कणभर येतो. टोंगाला तोच व्यवहार एक लाख माणसांच्या जिवावर करावा लागतो. त्यामुळे बाजारपेठ छोटी की मोठी हे ठरवताना डोकी मोजून भागत नाही. ती किती विखुरलेली आहेत आणि महिन्याला खिशातून किती काढू शकतात, हेही बघावं लागतं.

लोक कमी, म्हणजे वायरही कमी लागेल. मग खर्च जास्त कसा?

कारण वायर माणसांच्या संख्येवर लागत नाही, अंतरावर लागते. चर चार घरांसाठी खणा नाहीतर चारशे घरांसाठी, जेसीबीचं भाडं, रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम आणि परवानग्यांचे हेलपाटे तेवढेच. फायबर टाकण्याच्या खर्चात काचेच्या तंतूचा वाटा थोडाच असतो, पैसा जातो तो खोदाईत.

आकड्यांत बघायचं तर आपल्याच देशात दोन उत्तम उदाहरणं आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून अंदमान-निकोबारला समुद्राखालून केबल सुरू झाली. लांबी सुमारे २,३०० किमी, खर्च सुमारे १,२२४ कोटी रुपये. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून लक्षद्वीपच्या अकरा बेटांना जोडणारी केबल सुरू झाली. लांबी १,८६८ किमी, खर्च सुमारे १,०७२ कोटी. आता भागाकार करा. २०११ च्या जनगणनेनुसार अंदमान-निकोबारची लोकसंख्या ३ लाख ८० हजार, म्हणजे माणशी साधारण ३२ हजार रुपये. लक्षद्वीपची ६४ हजार, म्हणजे माणशी १ लाख ६६ हजार रुपये. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत, प्रत्येकामागे! हेच १,०७२ कोटी कोल्हापूर जिल्ह्यावर वाटले तर माणशी २,८०० रुपयांच्या आत येतात.

लक्षद्वीपच्या घरांनी महिना पाचशे रुपये भरून ही रक्कम कधीच वसूल होणार नाही. म्हणून खाजगी कंपनी तिथे स्वतःहून गेली नाही. पैसा सरकारी निधीतून आला आणि तोवर बेटांचा भार उपग्रहावर होता. लक्षद्वीपच्या मागे दिल्ली होती. टोंगाच्या मागे अशी दिल्ली नाही. तिथली केबल २०१३ मध्ये जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या मदतीने आली.

म्हणजे छोट्या देशांना केबल कुणीतरी दानातच द्यावी लागते?

बहुतेकदा कुणीतरी मोठा पैसे घालतो, पण ते दान क्वचितच असतं. सोलोमन बेटांची केबल टाकायचं काम आधी चीनच्या ह्वावेशी संबंधित कंपनीला मिळणार होतं. ऑस्ट्रेलियाला ते खटकलं. त्याने खर्चाचा मोठा भाग स्वतः उचलला आणि सोलोमन बेटं व पापुआ न्यू गिनी यांना सिडनीशी जोडणारी सुमारे ४,७०० किमीची केबल टाकली. २०१९-२० च्या सुमारास ती चालू झाली. सोलोमनवासीयांचा फायदा झाला, हे खरंच. पण फायबर कधी येणार हे तिथल्या गिऱ्हाइकाच्या गरजेवर ठरलं नाही, दोन मोठ्या देशांच्या ओढाताणीवर ठरलं.

सेंट हेलेना हे दक्षिण अटलांटिकमधलं चार-साडेचार हजार वस्तीचं बेट. त्याचं नशीब वेगळ्या वाटेने उघडलं. गूगलची इक्वियानो केबल युरोपातून दक्षिण आफ्रिकेकडे त्या बाजूने जाणारच होती. तिला एक फाटा काढून घेतला आणि २०२३ मध्ये बेटाला फायबर मिळालं. ती केबल त्या बाजूने गेलीच नसती, तर आजही उपग्रहच.

ज्या देशांना समुद्रच नाही त्यांचं काय?

त्यांना शेजाऱ्याच्या अंगणातून जावं लागतं. नेपाळ आणि भूतानचं बरंचसं आंतरराष्ट्रीय नेट भारतातून जातं. इथे दोन भाव लागतात: समुद्राच्या केबलचा आणि किनाऱ्यापासून सीमेपर्यंतच्या जमिनीवरच्या वाटेचा. दुसरा भाव ठरवणारे मोजके असले की घासाघीस करायला जागा उरत नाही.

मे २०२४ मध्ये नेपाळमध्ये काही तास नेट कोलमडलं. कारण तांत्रिक नव्हतं. नेपाळी सेवादात्यांचं भारतीय पुरवठादाराकडे बिल थकलं होतं. त्यांचं आणि त्यांच्या सरकारचं शुल्कावरून भांडण चालू होतं आणि त्या भांडणात परकीय चलन बाहेर पाठवायची मंजुरी अडकली होती. इकडून नळ बंद झाला. आपल्याकडे केबलवाल्याचं बिल थकलं तर एका गल्लीचं नेट जातं, तिथे एका मंजुरीपायी देशातली लाखो घरं अडकली.

नेपाळने २०१८ च्या जानेवारीत रसुवागढीच्या बाजूने चीनमार्गे दुसरी वाट उघडली होती. ती भारतीय वाटेची जागा घेऊ शकलेली नाही. तरीही दुसरा दरवाजा असणं ही मोठीच गोष्ट आहे, भाव करताना तर जास्तच.

एकच केबल असली तर काय बिघडतं?

१५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळच्या हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. फिजीकडे जाणारी ८०० किमीहून लांब केबल तुटली. देशाला दुसरी आंतरराष्ट्रीय केबल नव्हती. परदेशात असलेल्या नातलगांना आपली माणसं जिवंत आहेत की नाहीत हे कळायला दिवस गेले. दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीतून निघालं. (त्याचं नाव ‘रिलायन्स’. जामनगरशी काही संबंध नाही.) केबलचा ऐंशी-नव्वद किलोमीटरचा तुकडा बदलावा लागला आणि मुख्य बेटाला फायबर परत मिळायला पाच आठवडे लागले. बाहेरच्या बेटांकडे जाणारी देशांतर्गत केबल जोडायला तर वर्षाहून जास्त काळ गेला.

जगात समुद्री केबल तुटण्याच्या घटना वर्षाला दीडशे ते दोनशे होतात. बहुतेक वेळा कारण मासेमारीची जाळी नाहीतर जहाजाचा नांगर. २०२४ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात एकाच वेळी अनेक केबल्स तुटल्या, तेव्हा कोल्हापुरात बहुतेकांना पत्ताही लागला नाही. भारताची रहदारी दुसऱ्या केबल्सवर वळवता आली. छोट्या देशाला अशी वळवायला जागा नसते. आणि पहिलीच केबल निम्मी रिकामी असताना दुसरीसाठी पैसे मागायला गेलं तर सावकार विचारणारच, ‘आधीची तरी भरली का?’

कोल्हापूरला हा प्रश्न कधी आला नाही का?

रेल्वेच्या रूपात आला. मुख्य लोहमार्ग मिरजेवरून गेला, कोल्हापूर बाजूला राहिलं. मग कोल्हापूर संस्थानने मिरजेपर्यंतचा फाटा स्वतःच्या मालकीने उभारला आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. छोट्या बाजारपेठेने मोठ्या जाळ्याला जोडून घेण्यासाठी स्वतः खर्च केला, तो असा. पण एवढ्या वर्षांनीही कोल्हापूर शेवटचंच स्टेशन आहे. गगनबावड्यावरून वैभववाडीला उतरून कोकण रेल्वेला मिळणारा मार्ग अजून कागदावर आहे. एक फाटा मिळणं आणि दोन्ही बाजूंनी जोडलं जाणं यांतला फरक कोल्हापूरकराला वेगळा सांगायला नको.

फायबरच्या बाबतीत २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, वाहतूक दिवसच्या दिवस ठप्प झाली. फायबर पाण्याने बिघडत नाही, पण रस्त्याकडेच्या पेटीतलं यंत्र बुडतं, वीज जाते, जनरेटरचं डिझेल पोहोचत नाही. ज्याच्याकडे पुण्याकडून आणि बेळगावकडून अशा दोन वाटा असतात त्याचं नेट अशा वेळी तग धरतं.

केबल आली, तरी बिल का उतरत नाही?

मला विचाराल तर या सगळ्या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

छोट्या देशात बऱ्याचदा केबल उतरवणारी, देशभर वायर नेणारी आणि घरोघर कनेक्शन विकणारी कंपनी एकच असते. जुनं टेलिफोन खातं, किंवा त्याचा खाजगी झालेला अवतार. तिच्यासमोर दोन रस्ते असतात. क्षमता भरभरून स्वस्तात विकायची, किंवा थोडी विकून चढा भाव लावायचा. गिऱ्हाइकं मोजकीच असली की दुसरा रस्ता कमी कटकटीचा. समुद्राखाली क्षमता पडून राहते आणि वर लोक डेटा जपून वापरतात.

दुसरा विक्रेता का येत नाही? तो आला तर त्यालाही तेवढाच चर खणावा लागतो, आणि गिऱ्हाइकं निम्मी वाटून घ्यावी लागतात. त्याचं गणित पहिल्याच वर्षी बसत नाही. मोठ्या बाजारपेठेत हा धोका पेलणारा कुणीतरी निघतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि भारतातले डेटाचे दर कोसळले, ते हजारो कोटी बुडवायची तयारी आणि पुढे कोट्यवधी गिऱ्हाइकं दिसत होती म्हणून. पाच लाखांच्या देशात असं धाडस कोण करेल?

त्यात सरकारची भूमिका भर घालते. परवाना शुल्क, स्पेक्ट्रमचा लिलाव, यंत्रसामग्रीवरचं आयात शुल्क. गरीब सरकारला दूरसंचार म्हणजे हक्काची दुभती गाय वाटते. गाय आटली की मग बैठका होतात.

महाग म्हणजे किती महाग? त्याचं काही माप आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०२५ साठी एक उद्दिष्ट ठेवलं होतं: प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत असावा. महिना १५ हजार उत्पन्न असेल तर ३०० रुपये. भारतातला मोबाईल डेटा या मापात सहज बसतो. अनेक छोट्या बेटांवर आणि आफ्रिकेतल्या छोट्या देशांत बसत नाही.

देशातल्या देशात पाठवलेली फाइल परदेशी का फिरून येते?

दोन सेवादाते एकाच शहरात असले तरी त्यांच्या जाळ्यांची गाठ कुठेतरी पडावी लागते. त्या जागेला इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात. भारतात त्यासाठी ‘निक्सी’ ही संस्था २००३ मध्ये निघाली. एक्स्चेंज नसलं की नैरोबीतल्या एका ऑफिसचा ईमेल शेजारच्या ऑफिसात उपग्रहावरून, परदेशाला वळसा घालून येतो. केनियात हे प्रत्यक्षात होत होतं. तिथल्या सेवादात्यांनी २००० च्या अखेरीस स्वतःचं एक्स्चेंज सुरू केलं, तर मक्तेदार टेलिफोन कंपनीने तक्रार केली आणि नियामकाने दोनेक आठवड्यांत ते बंद पाडलं. २००२ मध्ये ते पुन्हा उघडलं. एक खोली, थोडे स्विच, थोडी वीज. अडवणूक कशाची, तर वळशाच्या पैशांची.

याचाच दुसरा भाग म्हणजे व्हिडिओचा स्थानिक साठा. यूट्यूब, नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती सेवादात्याच्या जागेत ठेवायला यंत्रं देतात, पण त्यासाठी ठरावीक रहदारी असावी लागते. छोट्या सेवादात्याकडे ती नसते. मग तोच क्रिकेटचा व्हिडिओ हजार जणांनी बघितला तर हजार वेळा समुद्रापलीकडून आणायचा, आणि दर वेळी पैसे मोजायचे.

५जी असताना फायबरचा हट्ट कशाला?

५जीचा टॉवर तरी कशाने जोडलेला असतो? टॉवरपासून मागे जाणारी वाट फायबरची नसेल, तर फोनवर ५जी लिहून येतं आणि व्हिडिओ गोल फिरत राहतो.

स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं नेट, आलं की प्रश्न मिटेल?

काही जणांचा मिटेल. जुने उपग्रह ३५,७८६ किमीवर असतात. सिग्नल वर जाऊन खाली यायचा, उत्तर तसंच परत यायचं, यात अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किमीवर फिरतात, त्यामुळे हा विलंब जवळजवळ जाणवत नाही. एकट्या बेटावरच्या दवाखान्याला किंवा चंदगडच्या जंगलाकडेच्या वाडीला याचा उपयोग मोठा आहे. भारतात स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला.

पण एका भागावरून जाणाऱ्या उपग्रहांची क्षमता त्या भागातल्या सगळ्यांत वाटली जाते. दाट वस्तीत ती पुरत नाही. शिवाय एका देशाचं सगळं नेट एका परदेशी कंपनीच्या हातात जाणं म्हणजे जुन्या मक्तेदाराऐवजी नवा मक्तेदार. केबल तुटल्यावरचा आधार म्हणून उपग्रह उत्तम. पाया म्हणून मला तो पटत नाही.

मग आइसलंड, सिंगापूर, एस्टोनिया पुढे कसे गेले? तेही छोटेच की!

सिंगापूर या चर्चेत फसवं उदाहरण आहे. क्षेत्रफळ कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण एक दशांश, माणसं साठ लाखांच्या आसपास, बहुतेक उंच इमारतींत. एक चर खणला की शेकडो गिऱ्हाइकं. शिवाय जगातल्या केबल्स तिथूनच जातात. तरीही एक गोष्ट त्यांनी शहाणपणाने केली: वायर एका संस्थेकडे आणि तिच्यावरून सेवा विकणारे वेगळे.

न्यूझीलंडचं उदाहरण आपल्या जास्त कामाचं, कारण तिथे डोंगर आहेत, अंतरं आहेत आणि वस्ती पन्नास लाखांची. बरीच वर्षं तिथे नेट मोजून मापून मिळायचं. सरकारने फायबरसाठी पैसे घालायचं ठरवलं, पण अट घातली की जो वायर टाकेल त्याने घरोघर सेवा विकायची नाही. जुन्या टेलिकॉम कंपनीला या कामात भाग हवा होता, म्हणून २०११ मध्ये तिने स्वतःचे दोन तुकडे केले. वायरवाली कंपनी कोरस, आणि सेवा विकणारी वेगळी. कोरसच्या वायरवर कुणीही विक्रेता समान दराने धंदा करू शकतो. २०२२ च्या अखेरीस तिथल्या ८७ टक्के लोकांच्या दारापर्यंत फायबर पोहोचलं होतं.

आइसलंडने समुद्री केबल्स सरकारी मालकीच्या कंपनीकडे ठेवल्या आणि एकावर न थांबता दुसरी, तिसरी टाकली. एस्टोनियाने १९९६ मध्ये शाळांपासून सुरुवात केली, म्हणजे मागणी आधी तयार केली. फॅरो बेटांची वस्ती गगनबावडा तालुक्याच्या दीडपट, तरी तिथलं नेट हेवा वाटावा असं आहे.

हे देश श्रीमंत आहेत, हे विसरून चालणार नाही. पण श्रीमंती असूनही मक्तेदारी तशीच ठेवली असती, तर न्यूझीलंड अजून मोजूनच नेट वापरत असता. चर एकदा, सगळ्यांसाठी खणायचा आणि त्यावर विक्रेत्यांना भांडू द्यायचं, हा भाग गरीब देशालाही उचलता येतो.

गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड म्हणजे जिल्ह्यातले टोंगाच का?

गणित तेच आहे. विखुरलेल्या वाड्या, कठीण जांभा, वनखात्याची परवानगी, धो धो पाऊस. गावात फायबर खांबांवरून नेलं तर गळीत हंगामात उसाने उंच भरलेली ट्रॉली लोंबणारी वायर ओढून नेते. जमिनीखालून नेलं तर पाणी योजनेचा जेसीबी तोडतो.

फरक निधीचा आहे. भारतात दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के रक्कम याच कामासाठी घेतली जाते. पूर्वी तिला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी. त्यातूनच २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायती जोडायची योजना मंजूर झाली आणि पुढे तिचं नाव भारतनेट झालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिला आणखी १ लाख ३९ हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली. पैशांची चणचण नाही. अडचण आहे ती ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याची आणि देखभालीची. पेटी कुलपात, बॅटरी उतरलेली आणि तुटलेलं फायबर जोडायला माणूस कुणाचा, हे ठरलेलं नाही, अशी अवस्था असली की फायबर ‘पोहोचलेलं’ असतं पण चालत नसतं.

सहकारी तत्त्वावर जमेल का?

दूध, साखर, उपसा सिंचन सहकारातून उभ्या करणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न दर वेळी येतो. जगात उदाहरणं आहेत. इंग्लंडमध्ये लँकशरच्या खेड्यांनी २०११ मध्ये ‘बार्न’ नावाची सामुदायिक संस्था काढली. शेतकऱ्यांनी आपल्या रानातून चर फुकट जाऊ दिला, गावकऱ्यांनी स्वतः खोदाई केली, शेअर्स विकून भांडवल उभं केलं. मोठी कंपनी जिथे यायला तयार नव्हती तिथे घरोघर गिगाबिट पोहोचलं.

आपल्याकडे बांधावरून भांडणारे दोन भाऊ चर जाऊ देतील का, हा विनोदाचा प्रश्न वाटेल, पण सगळा हिशेब त्यावरच आहे. फुकट वाट मिळाली तर खर्चाचा सर्वांत मोठा आकडा गळतो. बाकी परवाना, बँडविड्थची खरेदी आणि चोवीस तास दुरुस्तीला माणूस, हे पगारी माणसांशिवाय होणार नाही. संचालक मंडळाच्या सभेतून राउटर चालू होत नसतो.

नवं कनेक्शन घेताना केबलवाल्याला काय विचारावं?

स्पीड सगळेच सांगतात. त्याऐवजी हे विचारा: तुमची मागची वाट एक की दोन, आणि दोन असतील तर एकाच रस्त्याने जातात का? एकाच चरातल्या दोन केबल्स म्हणजे एकच केबल. एका स्प्लिटरवर (एक फायबर अनेक घरांत वाटून देणारा भाग) किती घरं आहेत? ३२ असतील तर ठीक, ६४ असतील तर रात्री नऊनंतर स्वतः शेजाऱ्याच्या घरी जाऊन बघा. वीज गेल्यावर तुमच्या पेटीला बॅकअप किती तास? आणि रविवारी फायबर तुटलं तर जोडायचं मशीन तुमचं स्वतःचं आहे, की सोमवारी इचलकरंजीहून मागवता?